धोंड्याच्या महिन्यातला निळा फुगा

पोटात फुगा घालून वजन कसं कमी करतात, हे मला आजवर बहुतेक वेळा पंगतीत बसूनच समजावून सांगावं लागलं आहे. नात्यातल्या लग्नात जेवायला बसलं की शेजारचं कुणीतरी ओळख काढतं, 'तुम्ही त्या दुर्बिणीच्या दवाखान्यात होता ना?' आणि पानात जिलेबी पडत असताना सुरू होतं. फुगा हवेचा असतो का? उन्हाळ्यात फुटत नाही का? विमानात बसलं तर काय होतं? शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. माझ्या अंगाकडे एकदा नीट बघून घेतात आणि विचारतात, 'मग बाई, तुम्ही का नाही बसवून घेतला?' न्हाव्याची हजामत नेहमीच राहून जाते, असं सांगून मी जिलेबीला हात घालते.

मी मूळची लातूरची. लग्न होऊन नांदेडला आले आणि इथल्याच एका खासगी दवाखान्यात, एंडोस्कोपीच्या खोलीची सिस्टर म्हणून निवृत्त झाले. एंडोस्कोपी हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही, 'दुर्बीण घातली' म्हणतात. पोटात अल्सर आहे का बघायला, रक्ताची उलटी कुठून होते ते शोधायला, कधी अन्ननळीत अडकलेला मटणाचा तुकडा काढायला आम्ही दुर्बीण घालत असू. फुग्याचे पेशंट नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत यायला लागले. 

फुगा असतो सिलिकॉनचा. येतो तेव्हा घट्ट गुंडाळलेला असतो. पेशंटला झोपेचं इंजेक्शन देऊन तो तोंडावाटे जठरात सोडायचा, दुर्बिणीतून जागेवर बसलाय का ते बघायचं आणि बाहेर राहिलेल्या नळीतून त्यात सलाइनचं पाणी भरायचं. हे भरायचं काम माझं. मोठ्या सिरिंजा एकामागून एक दाबत राहायच्या. अंगठा दुखून येतो. पडद्यावर फुगा वाढताना दिसतो, मोठ्या बेलफळाएवढा झाला की थांबायचं. पाण्यात निळा रंग मिसळलेला असतो, म्हणजे फुगा गळला तर लघवीचा रंग बदलतो आणि पेशंटला घरबसल्या कळतं. सहा महिन्यांनी फुगा फोडायचा, पाणी ओढून घ्यायचं आणि चिमट्यात धरून आला त्याच रस्त्यानं बाहेर काढायचा. कुठे कापाकापी नाही. पोटात आधीच कुणीतरी बसलेलं असल्यामुळे थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटतं, एवढंच फुग्याचं काम. बाकीचं सगळं पेशंटनं करायचं असतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

उदगीरचे एक कापड दुकानदार होते. फुगा बसवून दोन महिन्यांनी आले, तर वजन तसूभर हललेलं नाही. आमचे डॉक्टर चिडले, तर हे शांतपणे म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, तुम्हीच म्हणालात, पातळ घ्या.' पातळ म्हणजे ते रोज बासुंदी घेत होते. फुगा भाकरीला अडवतो, बासुंदी त्याच्या कडेकडेनं खुशाल निघून जाते. एक आई आपल्या चांगल्या सुदृढ लेकीला घेऊन आली होती, कारण बघायला आलेल्या स्थळानं मुलगी जाड आहे म्हणून कळवलं होतं. डॉक्टरांनी फुगा बसवायला साफ नकार दिला. बाहेर आल्यावर ती माझ्याशी वाद घालायला लागली, तेव्हा मी म्हणाले, 'ताई, फुगा त्या स्थळाच्या पोटात बसवू या, लेकीला राहू द्या.' लेक हसली. आई आजही बाजारात दिसली तर माझ्याशी बोलत नाही.

फुगा काढल्यावर हलक्या पावलांनी घरी गेलेली माणसं वर्ष-दीड वर्षानं पुन्हा पहिल्यासारखी होऊन भेटायची, याचं मला फार वाईट वाटे. त्यांच्यावर राग काढून उपयोग नसायचा, कारण आपल्याकडे माणूस एकटा जेवतच नाही. त्याला वाढणारे असतात. 'एवढंच? आमच्या घरचं आवडलं नाही का?' 'माझी शपथ आहे.' आमच्या भागात फुग्याला सगळ्यात जास्त नडतो तो आग्रह. मी दर पेशंटला बजावून सांगायची की कुणी शपथ घातली तर खुशाल मोडा, शपथेनं कुणी मरत नाही.

व्यंकटराव आचारी आले तेव्हाही मी हेच सांगितलं होतं.

ते लोह्याचे. लग्नकार्यात हजार पानांचा स्वयंपाक उठवणारा माणूस, वजन सव्वाशेच्या घरात. दारातून आत येताना अंग आडवं करून शिरले. मला वाटलं, गुडघे नाहीतर साखर, यातलं काहीतरी कारण असेल. डॉक्टरांनी विचारलं, 'फुगा कशासाठी हवा?'

'बायकोला किडनी द्यायची हाय, साहेब,' ते म्हणाले. 'माझी जुळून राहिली. पर किडनी बशिवतेत त्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर मनाले, शंभर किलोच्या आत या, मंगच हात लावतो. एवढ्या वजनाच्या माणसाला कापणं धोक्याचं हाय, अन् मागं राहिलेल्या येका किडनीला बी एवढं धूड झेपायचं न्हाई.'

त्यांची बायको महानंदा बाहेर बाकावर बसली होती. अंगानं काडी, चेहरा सुजलेला, हातावर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी. आठवड्यातून तीनदा लोह्याहून नांदेडला यायची आणि मशीनवर रक्त धुवून घ्यायची. तिच्या आईनं आपली किडनी देऊ केली होती, पण तिला साखर निघाली. बायकोसाठी किडनी देणारे नवरे मी पाहिले नव्हते असं नाही, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नवऱ्यासाठी देणाऱ्या बायका मात्र पुष्कळ पाहिल्या होत्या. म्हणून व्यंकटरावांकडे मी जरा निरखून पाहिलं.

डॉक्टरांनी त्यांना धोका स्पष्ट सांगितला. फुगा बसला की पहिले काही दिवस उलट्या होणार. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की किडनीवर ताण येतो. म्हणून काहीही झालं तरी पाणी पीत राहायचं, चमच्या-चमच्यानं का होईना. 'तुमची किडनी आता तुमच्या एकट्याची राहिलेली नाही,' डॉक्टर म्हणाले. 

'म्हनून तर आलो,' व्यंकटराव म्हणाले.

जाताना त्यांनी एक अट घातली. हे कुणालाही कळू द्यायचं नाही. थोरला भाऊ एकदा बोलून गेला होता की बायको दुसरी मिळते, किडनी मिळत नाही. घरात कळलं तर सगळे मिळून मोडता घालतील. सासूच्या पोटात काही राहत नाही, तिला कळलं तर तिच्या गावी, रेणापूरभर होईल आणि तिथून लोह्याला यायला कितीसा वेळ. ऑपरेशन व्हायच्या आदल्या दिवशी सांगू, असं त्यांचं ठरलं होतं. घरात फक्त महानंदाला ठाऊक.

शिमग्याच्या आसपास आम्ही फुगा बसवला. एवढा मोठा माणूस तीन दिवस लहान पोरासारखा कण्हत होता. प्रत्येक उलटीनंतर महानंदा चमच्यानं पाणी पाजायची. स्वतःला उभं राहवत नसलं तरी चमचा सोडायची नाही. चौथ्या दिवशी ते उठून बसले आणि ताकाचा पेला मागितला, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

आचारी एवढा जाड कसा होतो, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. वाटलं, चव बघून बघून होत असेल. ते दुखावलेच. नैवेद्य दाखवण्याआधी आचारी चव घेत नाही, म्हणाले. मीठ-तिखट वाफेवरून कळतं. नैवेद्य होतो, पंगती उठतात, वाढपी जेवतात आणि दुपार उलटल्यावर आचारी बसतो. तोवर चहावर चहा. मग बसला की उठतच नाही. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण त्यांच्या धंद्याला लागू नाही. त्यांचा विठोबा आधी, लोकांचा पोटोबा मग, आणि स्वतःचा सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात मोठा. आता ते भट्टीपाशी उभं राहून हजार माणसांचं जेवण करत आणि वाटीभर वरण-भात चावून चावून खात. ऐन लग्नसराईत, बुंदीच्या वासात. मी अशी माणसं फार पाहिली नाहीत.

डायलिसिसचा कक्ष आमच्याच मजल्यावर होता, त्यामुळे दोघं मला नेहमी दिसत. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. अंगातलं पाणी बाहेर टाकणारी किडनीच बंद असते, जास्त झालं की ते छातीत साठून दम लागतो. महानंदाला दिवसभरासाठी एक लहान तांब्या ठरवून दिला होता, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. नांदेडच्या उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायची. आणि नवऱ्याला मात्र दिवसभर पाणी प्यायचा हुकूम. व्यंकटराव बाटली घेऊन जिन्याच्या आडोशाला जात, पाठ करून चार घोट घेत आणि तोंड पुसून परत येत. मला आधी वाटलं, हा माणूस चोरून काही वेगळंच पितो की काय. मी मागे जाऊन बाटली हुंगलीच. 

'पाणीच हाय, सिष्टर,' ते म्हणाले. 'तिच्यासमोर कसं पिऊ? ती तोंडाकडं बगती.'

महानंदाला हे कळल्यावर तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं. 'आवं, मी काय लहान हाय का? हितं बसून प्या माझ्यासमोर. तुमी पिलात की मला बरं वाटतं.' त्या दिवसापासून बाटली तिच्याकडे आली. मशीनला जोडलेली असतानाही मोकळ्या हातानं ती बाटली पुढे करायची आणि ते घोट घेईपर्यंत धरून ठेवायची. स्वतःचे ओठ कोरडे. मला ते पाहून दुसरीकडे बघावंसं वाटायचं.

वजन उतरत होतं. आणि त्यात अधिक मास आला.

आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, म्हणजे कणकेत पुरण भरून केलेले उंडे, वर तुपाची धार. जावई म्हणजे नारायण, लेक लक्ष्मी. जेवण झाल्यावर तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा ठेवून त्याला वाण द्यायचं. त्या महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे आचाऱ्याला काम आहे ही सबबही चालत नाही. महानंदाची आई गयाबाई यांचं बोलावणं आलं. दोघं रेणापूरला गेले. पुढचं मला त्यांच्याकडूनच तुकड्या-तुकड्यांनी कळलं.

आदल्याच दिवशी डायलिसिस झालेलं, वर एसटीचा प्रवास. महानंदा आतल्या खोलीत आडवी पडली होती. बाहेर व्यंकटराव पाटावर बसले. एक धोंडा त्यांनी निम्मा खाल्ला आणि हात आखडता घेतला. गयाबाईंनी दुसरा वाढला. ते नको म्हणाले. तेव्हा गयाबाई हात जोडून त्यांच्यासमोर खाली बसल्या. लेकीच्या दुखण्यासाठी त्यांनी नवस बोलला होता की धोंड्याच्या महिन्यात नारायण माझ्या हातचं पोटभर जेवला तर माझ्या लेकीला किडनी मिळेल. त्या रडत होत्या. लेकीसाठी रडणाऱ्या आईला, माझ्या पोटात फुगा आहे आणि तो का आहे, हे सांगावं की दोन घास जास्त खावेत? व्यंकटरावांनी खाल्लं. दुसरा, मग तिसरा. तुपासकट.

वाणाचं ताट समोर येण्याआधीच ते उठून बाहेर पळाले. उलट्या थांबेचनात. पाण्याचा घोटही टिकेना. वर ज्येष्ठातलं ऊन. बाधलं असेल, उन्हाचं असेल, असं करत घरच्यांनी एक दिवस घालवला. शेवटी महानंदानं आईचं न ऐकता जीप बोलावली आणि त्यांना नांदेडला आणलं. गयाबाई सोबत आल्या.

रक्ताचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिनचा आकडा चढला होता, म्हणजे द्यायची ती चांगली किडनीच आता बिघडायला लागली होती.

सलाइन चालू करून, पोट भरलेलं असल्यामुळे झोपेचं इंजेक्शन न देता, घशात नुसता औषधाचा फवारा मारून आम्ही दुर्बीण घातली. पडद्यावर आमचा निळा फुगा दिसला, त्याच्याभोवती पुरणाचा राबडा. मी नळीनं ओढून ओढून जठर साफ करत होते. डॉक्टर म्हणाले, 'सिस्टर, फुगा काढून टाकू. धोका नको.'

व्यंकटराव जागे होते. तोंडात प्लास्टिकची कडी, तिच्यातून दुर्बीण गेलेली, बोलता येणं शक्यच नाही. त्यांनी सलाइनचा हात उचलला, दुसऱ्या हाताला मिळवला आणि तसेच आडवे पडून डॉक्टरांना नमस्कार केला. डोळ्यांच्या कडांनी पाणी चाललं होतं. शंभराच्या आत यायला अजून बरंच अंतर होतं. फुगा निघाला तर वजन तिथेच थांबेल, आणि महानंदा आणखी किती दिवस काढेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. डॉक्टरांनी फुग्याला हात न लावता दुर्बीण मागे घेतली. मग म्हणाले, 'उद्याचा रिपोर्ट बघू. आकडा उतरला तर राहू द्या, नाही उतरला तर काढायचा. मग मला हात जोडू नका.'

बाहेर गयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या. 'बाई, माझ्या हातचं पाव्हण्याला काय बादलं ओ? पुरन ताजं व्हतं, तूप घरचं व्हतं. मी का त्यात इख-जहर घातलं काय.' पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून सांगायची नाही, हा आमचा नियम. मी तशीच आत गेले आणि व्यंकटरावांना म्हणाले, 'आता तुम्ही सासूबाईंना खरं सांगणार आहात. त्या बाहेर स्वतःला खात बसल्यात. तुम्ही बोलेपर्यंत मी इथून हलणार नाही.' माझा आवाज चढला होता, हे मला शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला तेव्हा कळलं.

गयाबाई आत आल्या. व्यंकटरावांचा घसा सोलला होता, त्यामुळे ते हळू बोलत होते.

'मामी, तुमचं पुरन चांगलं व्हतं. माझ्या पोटात फुगा हाय. वजन उतरवाया बसवलाय.'

'कशाला ओ पाव्हणं? एवढं काय नडलं व्हतं?'

'महानंदाला किडनी मी देऊन राहिलो.'

 गयाबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि व्यंकटरावांच्या पायावर हात ठेवला. वडीलधाऱ्या बाईनं आपले पाय धरलेले बरं वाटेना म्हणून ते पाय ओढून घ्यायला लागले, तर त्यांनी सोडले नाहीत. मग महानंदानं फुगा म्हणजे काय, उलट्या का झाल्या, किडनीला काय झालंय, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या बाईच्या ध्यानात आलं की लेकीला किडनी मिळावी म्हणून आपण जे वाढलं, त्यानंच ती किडनी जायची वेळ आली. तिचा चेहरा मी पाहिला. आग्रह करणाऱ्यांवर मी जन्मभर चिडत आले, पण त्या दिवशी मला चिडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा उतरला. तिसऱ्या दिवशी आणखी उतरला. फुगा राहिला. पण किडनीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की आता पुन्हा सगळ्या तपासण्या होतील, काही आठवडे थांबून परत होतील, आणि किडनी पूर्ण सावरली अशी खात्री पटल्याशिवाय ती घेतली जाणार नाही. म्हणजे एका जेवणानं सगळं लांबणीवर पडलं होतं.

गयाबाई रेणापूरला परत गेल्याच नाहीत. त्या थेट लोह्याला लेकीच्या घरी राहायला गेल्या आणि जावयावर पहारा बसवला. पहाटे त्यांना चालायला काढायच्या, स्वतः मागून चालायच्या. लग्नाच्या स्वयंपाकाला ते निघाले की या सोबत. भट्टीपासून थोडं लांब पोत्यावर बसायच्या आणि कुणी व्यंकटरावांपुढे ताट आणलं की तिथूनच ओरडायच्या, 'आमच्या पाव्हण्याला कुनी वाढायचं न्हाई.' यजमान हात जोडायचे, शपथा घालायचे, या बधायच्या नाहीत. वाटीभर जेवण त्या घरून करून आणायच्या आणि समोर बसून चावायला लावायच्या.

लोक बोलायला लागले. धोंड्याला बोलावून जावयाला ओकायला लावलं, आता त्याच्याच घरात बसून त्याला उपाशी मारते. माणूस अर्धा झाला बघा, असं सगळं लोहा बोलत होतं. रेणापूरला भावकीतल्या बायका तोंडावर म्हणाल्या की तुझ्या हातालाच काहीतरी आहे. व्यंकटरावांच्या थोरल्या भावानं तर गयाबाईंना घरातून जायला सांगितलं. दोन वाक्यांत खरं सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. पण गुपित फुटलं तर जावयाचे भाऊ ऑपरेशन मोडतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या बाईच्या पोटात एक गोष्ट राहत नाही म्हणून तिला काही सांगितलं नव्हतं, तिनं सगळी बदनामी गिळली आणि तोंडातून शब्द काढला नाही. एकदा दवाखान्यात मी विचारलं, 'मावशी, एवढं ऐकून घेता?' त्या म्हणाल्या, 'लोकाचं काय ओ बाई, बोलून बोलून थकतेत. माझ्या लेकीचं पानी सुटलं पायजे.'

लेकीचं पाणी सुटणं म्हणजे तिला पोटभर पाणी प्यायला मिळणं. डायलिसिस सुटलं की पाण्याची मोजणी सुटते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी तेवढंच धरून ठेवलं होतं.

पोळ्यानंतर आम्ही फुगा काढला. सुईनं टोचला, निळं पाणी ओढून घेतलं, चिमट्यानं धरून ओढला. बाहेर आलेला फुगा म्हणजे एक चुरगळलेलं, बुळबुळीत सालपट असतं. व्यंकटरावांनी शुद्धीवर आल्यावर तो बघायला मागितला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, 'लई तकलीफ दिली यानं, पर येकडाव बी धोका न्हाई दिला.' काट्यावर उभे राहिले तेव्हा काटा शंभराच्या खाली थांबला. मी मुद्दाम त्यांच्या खिशातला मोबाइल काढून पुन्हा बघायला लावलं. आणखी थोडं कमी भरलं.

किडनीच्या तपासण्या चांगल्या आल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावांना सांगितलं. थोरला भाऊ चिडला, मग रडला आणि रात्रीतून गाडी करून त्या मोठ्या दवाखान्यात जाऊन बसला. दिवाळी ते सगळे दवाखान्यातच होते. मला फोन आला तो गयाबाईंचा. 'सिष्टर, लेकीला लघवी झाली,' एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे नवी किडनी कामाला लागली होती. ही बातमी ऐकून मी खोलीतल्या सगळ्यांना पेढे वाटले. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आमच्या कामात आनंदाच्या बातम्या अशाच असतात.

त्यानंतर मी निवृत्त झाले. व्यंकटरावांचं वजन थोडं वर-खाली होतं, पण पहिल्यासारखं झालं नाही. आणि पुढचा अधिक मास आला तेव्हा रेणापूरहून निरोप आला, 'धोंड्याला या. तुमच्या देखत वाढायचं हाय.'

मी गेले. गयाबाईंनी तेच जुनं तांब्याचं ताट घासून लखलखीत केलं होतं. त्या वर्षीचं वाण द्यायचं राहून गेलं होतं, ते त्यांच्या मनाला लागून होतं. पाटावर व्यंकटराव, शेजारी महानंदा. तोंडावरची सूज गेलेली, गाल भरलेले. गयाबाईंनी जावयाच्या पानात एक धोंडा ठेवला. लिंबाएवढा केला होता. वर तुपाचे चार थेंब. आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

'एवढंच, मावशी?' मी मुद्दाम विचारलं.

'एवढंच. नारायनाचं पोट केवढं हाय, ते मला आता ठावं हाय.'

व्यंकटरावांनी तो धोंडा चार घासांत, चावून चावून खाल्ला. मग गयाबाईंनी वाण दिलं, दिवा ओवाळला आणि डोळे पुसले. मला वाटलं, झालं. तर त्या उठून आत गेल्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी घेऊन आल्या. महानंदासमोर मोठा तांब्या ठेवून काठोकाठ भरला.

महानंदा तो सगळा प्यायली. घटघट आवाज येत होता आणि आम्ही तिघं तो ऐकत होतो. तांब्या खाली ठेवला तशी गयाबाईंनी तो पुन्हा भरला.

'आये, झालं की गं,' महानंदा म्हणाली.

'झालं कसं? माझी शपत हाय, आनखी येक.'

महानंदानं हसत माझ्याकडे बघितलं. शपथा मोडायला मीच तिच्या नवऱ्याला शिकवलं होतं, आता मलाही सोडवा, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मी म्हणाले, 'घ्या बाई. आईची शपथ मोडू नये.'

तिनं तांब्या तोंडाला लावला. तो रिकामा होईपर्यंत गयाबाई कळशी कलती धरून तशाच उभ्या होत्या.